जस्त सल्फेट : स्फटिक, विद्राव आणि अवक्षेप

जस्त सल्फेट या एका नावाखाली व्यवहारात निदान चार पदार्थ येतात. चारही पदार्थांत एका जस्त आयनामागे एक सल्फेट आयन असतो; भेद आहे तो स्फटिकजलाचा. (१) निर्जल सल्फेट, सूत्रभार १६१.४, (२) एकजल, सूत्रभार १७९.५, (३) षट्जल, सूत्रभार २६९.५, (४) सप्तजल, सूत्रभार २८७.६. जस्ताचा अणुभार ६५.३८ धरला असता या चारांतील जस्ताचे प्रमाण अनुक्रमे ४०.५, ३६.४, २४.३ आणि २२.७ टक्के येते. खताच्या पिशवीवर छापलेले ३३ टक्के व २१ टक्के हे आकडे एकजल व सप्तजल या प्रकारांचे असून ते सैद्धांतिक प्रमाणापेक्षा किंचित खाली ठरवलेले किमान प्रमाण होय. हेक्टरी २५ किलो सप्तजलाची शिफारस असेल, तर तेवढेच जस्त सुमारे १६ किलो एकजलातून मिळते. प्रकार न पाहता केवळ किलोंचा हिशेब करणे म्हणूनच चुकीचे ठरते. पुढील विवेचनात विशेषण न लावता जस्त सल्फेट म्हटले असेल तेथे सप्तजल समजावा. विद्राव म्हणजे पाण्यातील विद्राव, आणि अवक्षेप म्हणजे दोन विद्राव एकत्र आल्यावर वेगळा होणारा अविद्राव्य घन, असा अर्थ घ्यावा.

या पदार्थाचे सर्व वर्तन जस्ताच्या आयनावर अवलंबून आहे. त्या आयनाची तीन लक्षणे आहेत. पहिले, त्याचा भार अधिक दोन असून त्याची त्रिज्या सहा शेजारी असताना ०.७४ अँगस्ट्रॉम असते. दुसरे, त्याच्या बाह्य कवचातील पाचही डी-कक्षा दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेल्या असतात. तिसरे, अधिक दोन हीच त्याची एकमेव सामान्य संयुजा होय. दुसऱ्या लक्षणावरून त्याच्या क्षारांचा रंगहीनपणा व प्रतिचुंबकत्व निष्पन्न होते, कारण दृश्य प्रकाश शोषण्यास लागणारी डी-कक्षांतील रिकामी जागा येथे नाही. मोरचुदाचा निळा रंग तेथील नऊ इलेक्ट्रॉनांमुळे आहे. तिसऱ्या लक्षणावरून हवेतील स्थैर्य निष्पन्न होते. हिराकस उघडा राहिला की हवेतील ऑक्सिजनाने तांबूस पडतो. जस्त सल्फेटाचे असे ऑक्सिडीकरण संभवत नाही.

आता पहिल्या लक्षणाकडे वळावे. मॅग्नेशियमच्या आयनाचाही भार अधिक दोन आहे आणि त्याची त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम आहे. भार समान, आकार जवळपास समान; मग भेद उरतो तो केवळ दुसऱ्या लक्षणाचा, कारण मॅग्नेशियमच्या आयनात डी-इलेक्ट्रॉनच नसतात. यातून एक नियम हाती येतो. जे गुणधर्म केवळ भार व आकार यांवर अवलंबून आहेत, त्यांत जस्त मॅग्नेशियमसारखे वागेल. जे भरलेल्या डी-कक्षांवर अवलंबून आहेत, त्यांत ते वेगळे होईल. प्रस्तुत विवेचनाचा पुढील सर्व भाग म्हणजे या नियमाची पडताळणी आहे.

साम्याचे क्षेत्र म्हणजे स्फटिक. सप्तजलातील सातही पाणी-रेणूंचे स्थान एकसारखे नसते. सहा रेणू जस्ताभोवती अष्टफलकाच्या सहा कोनांवर असतात. सातवा रेणू जस्ताला जोडलेला नसून हायड्रोजन बंधांनी सल्फेटाजवळ धरलेला असतो. ही रचना मॅग्नेशियमच्या सप्तजल सल्फेटातही जशीच्या तशी आढळते. दोहोंचे स्फटिक समचतुर्भुजी पद्धतीचे व समाकृतिक आहेत. निसर्गात पहिला गोस्लाराइट या नावाने आढळतो. जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतातल्या गोस्लार गावाजवळच्या राम्मेल्सबर्ग खाणीवरून ते नाव पडले. दुसरा एप्सोमाइट. समाकृतिकत्वाचा अर्थ एवढाच नव्हे की दोघे सारखे दिसतात. एकाच स्फटिकात जस्ताच्या जागी मॅग्नेशियम बसू शकते आणि तरीही स्फटिकाची घडण बदलत नाही. दोन्ही रंगहीन, दोन्ही सुईसारख्या लांबट कणांचे, दोन्ही पाण्यात सहज विरघळणारे. डोळ्यांनी किंवा बोटांनी यांचा भेद करणे अशक्य आहे, आणि त्याचा परिणाम बाजारावर काय होतो ते पुढे येईल.

स्फटिकजलाचे निर्गमन टप्प्याटप्प्याने होते. सुमारे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत संतृप्त विद्रावातून सप्तजल मिळते. त्या तापमानापासून सुमारे ७० अंशांपर्यंत षट्जल, आणि त्यापुढे एकजल. शेवटचा पाणी-रेणू चिवट असतो. तो घालवून निर्जल सल्फेट मिळवण्यास २५० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्याहून पुष्कळ वर, सुमारे ६८० अंशांनंतर, सल्फेटाचेच विघटन सुरू होऊन प्रथम ऑक्सिसल्फेट आणि अखेर ऑक्साइड उरते. पहिला टप्पा सर्वात खालच्या तापमानाला का पडतो, हे वर सांगितलेल्या रचनेवरून कळते: जस्ताला न जोडलेला सातवा रेणू आधी सुटतो. हा टप्पा ३९ अंशांवर असल्याने तो भारतीय उन्हाळ्याच्या कक्षेत येतो. विदर्भातील गोदामात मे महिन्यात बंद पिशवीतला सप्तजल सुटलेल्या पाण्याने ओलसर होतो आणि रात्री तापमान उतरले की त्याचे दगडासारखे गड्डे बनतात. उघड्या पिशवीत, कोरड्या हवेत, उलट घडते. पाणी उडून जाते आणि स्फटिकांवर पांढरी भुकटी धरते. दोन्ही प्रसंगी पिशवीतील एकूण जस्त तेवढेच राहते. दुसऱ्या प्रसंगी वजन घटल्याने टक्केवारी वाढते, एवढाच फरक. गड्डे झालेला माल बाद समजून टाकून देणे हे म्हणून अनाठायी आहे.

विद्रावात मात्र भेदाचे क्षेत्र सुरू होते. पाण्यात गेलेला जस्त आयन सहा पाणी-रेणूंनी वेढलेला असतो. धन भार त्या रेणूंतील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे एखादा प्रोटॉन सुटतो आणि विद्राव सौम्य अम्लधर्मी होतो. पाच टक्के विद्रावाचा पीएच साधारणपणे ४.५ ते ५.५ यांदरम्यान असतो. मॅग्नेशियम सल्फेटाचा विद्राव जवळजवळ उदासीन राहतो. समान भार, समान आकार, आणि तरीही जस्ताची ओढ अधिक. कारण असे की डी-इलेक्ट्रॉन अणुकेंद्राचा भार झाकण्यास अपुरे पडतात. दहा इलेक्ट्रॉन वाढले तसा केंद्रातील भारही वाढला, आणि वाढलेल्या भाराचे आच्छादन अपूर्ण राहिले. त्यामुळे जस्ताचे ऑक्सिजन, नायट्रोजन व गंधक यांच्याशी होणारे बंध मॅग्नेशियमच्या बंधांपेक्षा अधिक सहसंयुज असतात.

या विद्रावात कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने मिसळला असता तीन अवस्था क्रमाने दिसतात. पहिल्या अवस्थेत सल्फेट व हायड्रॉक्साइड दोन्ही असलेले मूलक सल्फेट वेगळे होऊ लागते. दुसऱ्या अवस्थेत जिलेटिनसारखा पांढरा हायड्रॉक्साइड पूर्णपणे अवक्षेपित होतो. तिसऱ्या अवस्थेत, सोडा आणखी वाढवला की, तोच अवक्षेप विरघळतो आणि चार हायड्रॉक्सिल गटांनी वेढलेला झिंकेट आयन तयार होऊन विद्राव पुन्हा स्वच्छ होतो. जो हायड्रॉक्साइड अम्लातही विरघळतो व तीव्र अल्कलीतही विरघळतो, त्याला उभयधर्मी म्हणतात. तिसरी अवस्था शक्य होण्यास आणखी एक कारण आहे. पूर्ण भरलेल्या डी-कक्षांना अष्टफलकी व चतुष्फलकी या दोन मांडण्यांत कोणतीही पसंती नसते. सहा शेजाऱ्यांवरून चारांवर येण्यास जस्ताला विशेष ऊर्जा मोजावी लागत नाही. मॅग्नेशियमला चार शेजाऱ्यांची ही मांडणी पाण्यात लाभत नाही. त्याचा हायड्रॉक्साइड कितीही सोडा ओतला तरी तळाशीच राहतो.

संख्येने पाहिले असता भेद अधिक स्पष्ट होतो. जस्त हायड्रॉक्साइडाचा विद्राव्यता-गुणाकार १० च्या उणे १७ व्या घाताच्या आसपास आहे, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडाचा १० च्या उणे ११ व्या घाताच्या आसपास. लिटरला दशांश मोल तीव्रतेच्या विद्रावात जस्ताचे अवक्षेपण पीएच ६ ओलांडताच सुरू होते, मॅग्नेशियमचे ९ च्या सुमारास. एका जस्त आयनामागे दोन हायड्रॉक्सिल आयन लागतात, म्हणून विद्रावात उरणारे जस्त हायड्रॉक्सिलच्या तीव्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पीएच एका अंकाने वाढला की ते शंभरांश होते. हा वर्गाचा नियम लक्षात ठेवावा. शेतीतील जस्ताच्या प्रश्नाचे मूळ त्यातच आहे.

हायड्रॉक्सिलच्या जागी इतर कारके घेतली तरी हाच पॅटर्न थोड्या फरकाने दिसतो. अमोनियाने आधी हायड्रॉक्साइड पडतो व अधिक अमोनियात विरघळून चार अमोनिया-रेणूंचा जटिल आयन देतो. सोडियम बायकार्बोनेटाने सामान्य कार्बोनेट मिळते, धुण्याच्या सोड्याने मूलक कार्बोनेट, कारण दुसऱ्याचा विद्राव अधिक अल्कधर्मी असतो. गंधकाच्या बाबतीत जस्ताची गोष्ट खरोखर लक्षणीय आहे. उदासीन किंवा अल्कधर्मी विद्रावातून जस्त सल्फाइड पांढऱ्या अवक्षेपाच्या रूपाने पडते. गुणात्मक विश्लेषणात भेटणाऱ्या इतर धातूंची सल्फाइडे काळी, पिवळी, नारिंगी किंवा मांसवर्णी असतात; पांढरे ते केवळ जस्ताचे. त्यामुळे ही एकच चाचणी जस्ताची ओळख पटवण्यास जवळजवळ पुरेशी ठरते. मॅग्नेशियम या कसोटीत सल्फाइड देतच नाही.

या सल्फाइडाचा एक उपयोग रसायनदृष्ट्या फार सुबक आहे. बेरियम सल्फाइडाच्या विद्रावात जस्त सल्फेटाचा विद्राव मिसळला की दोन्ही आयनांची अदलाबदल होते आणि बेरियम सल्फेट व जस्त सल्फाइड ही दोन्ही उत्पादिते अविद्राव्य असतात. बहुतेक अवक्षेपण-विक्रियांत एक क्षार विद्रावात उरतो व तो धुवून काढावा लागतो. येथे पाण्यात काहीच उरत नाही. मिळणाऱ्या पांढऱ्या रंगद्रव्याला लिथोपोन म्हणतात व त्यात जस्त सल्फाइड सुमारे २९ टक्के असते.

ऑक्साइड व क्लोराइड यांविषयी थोडक्यात. ऑक्साइड थंड असताना पांढरा, तापवल्यावर पिवळा, आणि निवल्यावर पुन्हा पांढरा होतो. उष्णतेने जालकातून थोडा ऑक्सिजन सुटतो व निवताना तो परत घेतला जातो. क्लोराइड अत्यंत आर्द्रताशोषी असून त्याचा तीव्र विद्राव ऑक्साइडांना विरघळवतो, म्हणून डाख देण्यापूर्वी धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करण्यास तो वापरतात.

जस्त सल्फेटाचे सर्वात मोठे औद्योगिक स्थान मात्र विक्रीच्या वस्तूचे नसून मार्गातील टप्प्याचे आहे. जगातील बहुतेक जस्त आज सल्फेटाच्या विद्रावातून विद्युत्‌विच्छेदनाने काढले जाते. क्रम असा: सल्फाइड धातुक हवेत भाजून ऑक्साइड करणे, ऑक्साइड सौम्य सल्फ्युरिक अम्लात विरघळवणे, विद्रावातील लोह जॅरोसाइट या मूलक सल्फेटाच्या रूपाने वगळणे, तांबे, कॅडमियम, कोबाल्ट ही जस्ताच्या भुकटीने क्षपित करून काढणे, आणि शुद्ध विद्रावातून ॲल्युमिनियमच्या ऋणाग्रावर जस्त जमवणे. धनाग्र शिशाचे असते व त्यात अल्प चांदी असते. शेवटच्या टप्प्यात सल्फ्युरिक अम्ल पुन्हा निर्माण होते आणि ते पुढच्या ऑक्साइडावर वापरता येते.

येथे एक विसंगती दिसते व तिचा उलगडा आवश्यक आहे. जस्ताचे प्रमाण विद्युत्‌विभव उणे ०.७६ व्होल्ट आहे, हायड्रोजनाचे शून्य. अम्लधर्मी विद्रावात विद्युत्‌प्रवाह सोडला असता नियमाप्रमाणे हायड्रोजन आधी सुटला पाहिजे आणि जस्त मुळीच मिळू नये. प्रत्यक्षात जस्त मिळते, कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन-रेणू तयार होण्याची क्रिया अतिशय मंद असते आणि तिला वेग देण्यास मोठे अधिविभव लागते. म्हणजे ही सारी प्रक्रिया ऊष्मागतिकीच्या आधारावर उभी नसून वेगाच्या आधारावर उभी आहे. जर्मेनियम, अँटिमनी किंवा कोबाल्ट यांचा अत्यल्प अंश विद्रावात राहिला तरी तो ऋणाग्रावर बसतो, त्या ठिकाणी हायड्रोजन सहज सुटू लागतो, आणि जमलेले जस्त परत विरघळते. शुद्धीकरणाच्या टप्प्यावर एवढा भर का, याचे उत्तर यात आहे. शालेय प्रयोगातही हेच तत्त्व उलट बाजूने दिसते: शुद्ध जस्ताच्या तुकड्यावर सौम्य सल्फ्युरिक अम्ल ओतले तर बुडबुडे रेंगाळत येतात, आणि मोरचुदाच्या विद्रावाचा एक थेंब टाकताच तुकडा काळवंडून सळसळून वायू सुटतो.

विद्युत्‌विच्छेदन नव्हते तेव्हा कार्बनाने क्षपण हा एकच मार्ग होता, आणि त्यात अडचण वेगळी होती. जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश सेल्सिअस आहे. ऑक्साइडाचे कार्बनाने क्षपण त्याहून अधिक तापमानाला होते. म्हणजे धातू बाष्परूपानेच जन्मतो आणि हवा लागताच पुन्हा ऑक्साइड होतो. राजस्थानातील जावर येथील कारागिरांनी मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत बसवल्या व बाष्प खालच्या थंड कोठीत उतरवून धातू मिळवला. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात जस्त काढण्याची ही अधोगामी रीत वर्णिलेली आहे. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला याच तत्त्वावरील पद्धतीचे एकस्व १७३८ मध्ये मिळाले. जावरचे काम त्याच्या शतकानुशतके आधीचे आहे.

आता शेती. वर सिद्ध केलेला वर्गाचा नियम जमिनीलाही लागू पडतो. जमिनीतील विद्रावात असलेले जस्त पीएच एका अंकाने वाढला की सुमारे शंभरांश होते, असे मृदाशास्त्रज्ञ लिंडसे यांनी दाखवले आहे. महाराष्ट्रातील भारी काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा पीएच ८ च्या वर असतो. अशा जमिनीत एकूण जस्त पुरेसे असूनही पिकाला मिळणारे जस्त अपुरे पडते. म्हणून माती परीक्षणात एकूण जस्त न मोजता, १९७८ मध्ये लिंडसे व नॉर्वेल यांनी सुचवलेल्या, ७.३ पीएचच्या डीटीपीए विद्रावात उतरणारे जस्त मोजतात, किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या आसपासचे प्रमाण ही कमतरतेची सर्वसामान्य सीमा मानली जाते.

या कमतरतेचे भारतातील सर्वात गाजलेले उदाहरण भाताच्या खैरा रोगाचे आहे. तराईच्या प्रदेशात भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडत व रोपे खुंटत. पंतनगर येथे य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये हा रोग जंतूंचा वा बुरशीचा नसून जस्ताच्या कमतरतेचा असल्याचे सिद्ध केले. उपाय ठरला तो ०.५ टक्के जस्त सल्फेट व ०.२५ टक्के चुना यांच्या फवारणीचा. चुना कशाला, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा कॉस्टिक सोड्याबरोबर दिसलेल्या पहिल्या दोन अवस्थांत आहे. नुसत्या सल्फेटाचा अम्लधर्मी विद्राव कोवळी पाने करपवतो. चुन्याने बहुतेक जस्त हायड्रॉक्साइडाच्या सूक्ष्म निलंबनात जाते. ते पानावर टिकते व सावकाश विरघळते.

जमिनीतून देताना एक निषेध कटाक्षाने पाळला पाहिजे. फॉस्फेटयुक्त खताच्या विद्रावात जस्त सल्फेट मिसळू नये, कारण जस्त फॉस्फेट अविद्राव्य असून ठिबकच्या तोट्याही त्याने बंद होतात. द्राक्ष व केळीच्या बागांत म्हणून ईडीटीएने बांधलेले चिलेटेड जस्त वापरतात. त्या जटिलाच्या स्थैर्यांकाचा लॉगरिथम १६.५ आहे, कॅल्शियमच्या जटिलाचा १०.७. जस्ताचा बंध बळकट आहे, पण चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमचे प्रमाण एवढे मोठे असते की जस्ताला ती जागा काळाने सोडावी लागते.

अखेरचा विषय भेसळीचा, आणि सर्व पूर्वसिद्धान्त येथे एकत्र येतात. जस्त सल्फेटात केली जाणारी प्रमुख भेसळ मॅग्नेशियम सल्फेटाची असते. कारण उघड आहे: समाकृतिकत्वामुळे ती दिसत नाही, आणि ते स्वस्त आहे. जेथे साम्य आहे तेथे ती लपते. म्हणून जेथे भेद आहे तेथेच ती शोधली पाहिजे. शेताच्या बांधावर करता येण्याजोग्या दोन कसोट्या प्रचलित आहेत. पहिलीत डीएपीच्या विद्रावात जस्त सल्फेटाचा विद्राव मिसळतात. जस्त असेल तर लगेच दाट पांढरा साका येतो. हिची निर्णायकता बेताची आहे, कारण मॅग्नेशियमही अमोनियम फॉस्फेटाबरोबर अवक्षेप देते, जरी तो स्फटिकरूप व सावकाश येणारा असला. दुसरी कसोटी श्रेष्ठ आहे. परीक्षानळीत स्वच्छ विद्राव घेऊन सौम्य कॉस्टिक सोडा घालावा; खळीसारखा पांढरा अवक्षेप येईल. मग तीव्र सोडा घालून हलवावे. शुद्ध जस्त असेल तर नळी पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ होते. मॅग्नेशियम असेल तर त्याच्या अंशाएवढा पांढरा गाळ उरतो. तपकिरी गाळ उरल्यास तो लोहाचा समजावा.

प्रयोगशाळेतील मापनातही हीच दक्षता लागते आणि तेथे चूक अधिक महाग पडते. पीएच १० वर अमोनिया-बफरमध्ये, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घेऊन ईडीटीएने अनुमापन करणे ही सोपी रीत आहे. पण त्या पीएचला मॅग्नेशियमही ईडीटीएशी संयोग पावते व प्रत्येक मॅग्नेशियम आयन जस्त म्हणून मोजला जातो. मॅग्नेशियमच्या सप्तजल सल्फेटाचा सूत्रभार २४६.५ म्हणजे जस्ताच्या सप्तजलाहून कमी असल्याने, जस्ताचा कणही नसलेले शुद्ध मॅग्नेशियम सल्फेट या रीतीने २६.५ टक्के जस्त दाखवते. शुद्ध जस्त सल्फेट दाखवते २२.७. निम्मी भेसळ असलेला नमुना अस्सल मालापेक्षा सरस ठरतो. पीएच ५.५ च्या आसपास, हेक्झामीन-बफरमध्ये, झायलेनॉल ऑरेंज दर्शकाने केलेल्या अनुमापनात हा दोष राहत नाही. त्या पीएचला जस्ताच्या जटिलाच्या परिणामी स्थैर्यांकाचा लॉगरिथम सुमारे ११ व मॅग्नेशियमच्या जटिलाचा सुमारे ३ असतो, आणि अनुमापनास निदान ८ लागतो. लोह व ॲल्युमिनियम असल्यास ती आधी फ्लुओराइडाने झाकावी लागतात. भेसळीचा संशय असलेल्या नमुन्यासाठी पीएच १० वरील अनुमापन अग्राह्य मानावे.